मॅच तेवढी मोजायची

आमच्या टीममधल्या तिघीचौघी कुठंही एकत्र आल्या की किस्से सुरू होतात. कुणाच्या बाळाचं बारसं असो नाहीतर कुणाच्या सासऱ्यांचा तेरावा. एकीनं एक सांगितला की दुसरीला दुसरा आठवतो, आणि ताटातली भाजी गार होईपर्यंत ढीग लागलेला असतो. आजूबाजूच्या बायका कौतुकानं ऐकतात, हसतात. आम्हीही हसतो. मग कुणीतरी पूजाचं नाव काढतं, आणि आम्ही एकेक करून हात धुवायला उठतो.

किस्से सगळे कबड्डीच्या टीमचे, पण त्यांत कबड्डी फार थोडी. कुठली मॅच कशी जिंकलो हे आता कुणालाच धड सांगता येत नाही. लक्षात राहिलंय ते एवढंच, की कुठला वेळ कामात धरला आणि कुठला धरला नाही.

मी नसीमा, इंदापूरची. अब्बांचं तिथं शिवणकामाचं दुकान आहे. मी डाव्या कोपऱ्यात खेळायचे. समोरून चढाई करायला आलेलीचा पाय धरायचा आणि सोडायचा नाही, एवढंच माझं काम. बारामती एमआयडीसीत खाद्यपदार्थांची एक कंपनी आहे. तिच्या मालकांनी मुलींची टीम काढून लीगमध्ये उतरवली आणि आम्हाला करारावर घेतलं. ज्या दिवशी माझ्या करारावर सही झाली, त्या दिवशी ईद नसताना आमच्या घरी शिरखुर्मा झाला होता.

*

पहिला किस्सा नेहमी सुरेखाच्या अंगठ्याचा. सुरेखा आमची कॅप्टन. भवानीनगरची, वडील तिथं साखर कारखान्यात फिटर. आमचं हॉस्टेल आणि ग्राउंड दोन्ही कंपनीच्या कंपाउंडच्या आत, त्यामुळं आत-बाहेर करताना गेटवरच्या मशीनवर अंगठा लावायचा, कामगारांसारखाच. सकाळी पळून परत आलो की मोटारसायकली लावून आलेल्या पहिल्या पाळीच्या रांगेत आम्हीही घामाघूम उभ्या. आता मॅटवर वर्षानुवर्षं हात घासून सुरेखाच्या अंगठ्यावरच्या रेषाच गेलेल्या. मशीन लाल दिवा लावायचं आणि तिला आत घ्यायचंच नाही.

गेटवर शिंदेमामा म्हणून सिक्युरिटीवाले होते, मिलिटरीतून रिटायर झालेले. नियम म्हणजे नियम. त्यांनी स्क्रीनकडं बघून सांगितलं, "ताई, मशीनमधी तुमी हायच न्हाय."

सुरेखानं विचारलं, मग ही समोर कोण उभी आहे. मामांनी तिच्याकडं खरंच निरखून बघितलं आणि म्हणाले, ते मला कसं ठाऊक असणार. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. व्हिजिटर म्हणून रजिस्टरात नाव लिहायचं आणि आत जायचं. त्यात एक रकाना होता.

"कुणाला भेटायचंय?" मामांनी विचारलं.

"सुरेखाला," सुरेखा म्हणाली.

मामांनी लिहून घेतलं. पुढं बरेच दिवस आमची कॅप्टन रोज सकाळी स्वतःला भेटायला कंपनीत येत होती. महिना संपला तेव्हा कळलं, व्हिजिटरची हजेरी लागत नसते.

*

अंगठ्याचं निस्तरायला सुरेखा टीमच्या मॅनेजरकडं गेली. देवकाते साहेब त्यांचं नाव. आधी कंपनीच्या सेल्समध्ये होते, कबड्डीशी संबंध नव्हता. माणूस वाईट नाही. आवाज चढवून कुणाशी बोलले नाहीत कधी. चहा सांगितल्याशिवाय विषयाला हात घालायचे नाहीत.

सुरेखानं विचारलं, आम्ही सकाळ-संध्याकाळ ग्राउंडवर असतो, मग आमच्या नावावर तास इतके थोडे कसे. साहेबांनी तिला बसवून नीट समजावून सांगितलं. कंपनीनं तुम्हाला कशासाठी घेतलं, तर मॅच खेळायला. तर मॅच तेवढी मोजायची. सराव हा तुमच्या स्वतःच्या प्रगतीसाठी असतो. मुलगा अभ्यास करतो त्याचा कुणी त्याला पगार देतं का? पगार पेपर लिहिण्याचा.

"आणि मॅचमध्येसुद्धा," साहेब म्हणाले, "बाद होऊन तुम्ही बाहेर बसता, तेव्हा..." आणि ते मध्येच थांबले. पेन टेबलावर आपटत खिडकीबाहेर बघत राहिले.

सुरेखा परत येऊन आम्हाला म्हणाली, "बोलले त्येचं काय न्हाय गं. थांबून जो इचार केला त्येची भीती वाटली."

पुढच्या महिन्यात नोटीस लागली. बाद होऊन बाहेर बसलेला वेळ खेळण्यात धरला जाणार नाही.

आता कबड्डीत सगळ्यात जास्त बाद कोण होतं, तर चढाईला जाणारी. ती नोटीस लागल्यापासून आमच्या कोच सरांनी "रेडला कोण?" म्हणून विचारलं, की आमची अख्खी टीम बुटाची नाडी बांधायला खाली बसायची.

*

एकच मुलगी खाली बसायची नाही. पूजा.

पूजा मोरगावची. घरी कोरडवाहू जमीन, ज्वारी-बाजरी होते तेवढी, आणि शेरडं. पहिल्या दिवशी ती एसटीनं आली तेव्हा तिच्या पिशवीतून बाजरीच्या भाकरीचा वास येत होता. अंगानं शेलाटी, पण चढाईला निघाली की समोरच्या सातजणी मागं सरकायच्या. एका दमात आत जायची, गडी टिपायची आणि मधल्या रेषेला हात लावून दात काढत उभी राहायची. पण वयानं आणि अनुभवानं सगळ्यांत लहान, म्हणून तिला राखीव ठेवलेली. मॅचला बाकावर.

बाकावर बसणं मोजायचं का, हा प्रश्न देवकाते साहेबांना पडलाच नाही. जी खेळली नाही ती विश्रांती घेत होती, विषय संपला. पूजा आमच्याबरोबर उठायची, आमच्याबरोबर पळायची, आमच्याइतकंच मोजून-मापून खायची, वजनकाट्यावर उभी राहायची. आणि कंपनीच्या हिशेबी तिनं काहीच केलेलं नसायचं. घरून फोन आला की सांगायची, लई काम पडतंय आई, यायला जमत न्हाय.

मग एक दिवस सरावात तिचा गुडघा मुरगळला. ती कुणाला बोलली नाही, पण आमच्या गावडे सरांनी तिची चाल बघून ओळखलं. गावडे सर म्हणजे आमचे कोच. आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेले, गळ्यात कायम शिट्टी. त्यांनी तिला आठवडाभर मॅटवर यायचं नाही म्हणून सांगितलं. पूजाला वाटलं, आता बाकावरूनही काढतात. ती सरांच्या पुढ्यात उभी राहिली आणि हसत हसत उठाबशा काढायला लागली. सर थांब म्हणेपर्यंत काढत राहिली.

सरांचा विश्वास बसला. पुढच्या मॅचला त्यांनी तिला उतरवलं आणि ती फार सुंदर खेळली. तेच वाईट झालं.

*

गावडे सरांना आमची काळजी होती, यात वाद नाही. फक्त त्या काळजीपायी आमचा जीव जायची वेळ यायची.

नागपूरला मॅच होती. सकाळी बस निघाली. सरांनी आदल्या दिवशी देवकाते साहेबांशी वाद घातला होता, की मुली दिवसभर प्रवास करतात तो वेळ धरा. साहेब म्हणाले, बसमध्ये त्या झोपतात, आणि झोपेला काम कसं म्हणायचं? सरांनी ते मनाला लावून घेतलं. बस गावाबाहेर पडल्या पडल्या मधल्या वाटेत उभे राहिले आणि म्हणाले, आज कुणीही डोळा मिटायचा नाही. टीव्हीवर समोरच्या टीमच्या मॅचेस लावल्या. कोण उजव्या पायानं लाथ मारते, कोण बोनसला जाते, एकेकीला उभं करून विचारत होते. नगर गेलं, संभाजीनगर गेलं. कुणी पेंगली की शिट्टी.

जालन्याच्या पुढं सर स्वतःच झोपले. उभ्याउभ्या, वरच्या दांड्याला धरून. शिट्टी मात्र तोंडातच राहिली होती. त्यांनी श्वास सोडला की ती बारीक वाजायची, आणि आम्ही सगळ्या दचकून ताठ बसायचो. नागपूर येईपर्यंत हेच चाललं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाईट हरलो. माझ्या हातातून असे पाय सुटले, जे मी शाळेतसुद्धा सोडले नव्हते.

परत आल्यावर सर ताठ मानेनं साहेबांकडं गेले आणि म्हणाले, एकही मुलगी झोपली नाही, ड्रायव्हरला विचारा. साहेबांनी ड्रायव्हरला बोलावून विचारलं. ड्रायव्हर खरं तेच बोलला. म्हणाला, न्हाय झोपल्या, टीव्ही बघत हुत्या.

"म्हणजे मनोरंजन," साहेब म्हणाले.

*

आता माझा किस्सा. हा मी स्वतः सांगत नाही, पण बाकीच्या सांगतात.

मालकांच्या नात्यात लग्न होतं, इंदापूरच्या एका लॉन्सवर. टीमनं जर्सी घालून यायचं म्हणून निरोप आला. आम्हाला वाटलं, जेवायला बोलावलंय. गेल्यावर कळलं, दोन्ही बाजूंना रांगेत उभं राहून पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं. मुहूर्ताच्या आधीपासून शेवटची पंगत उठेपर्यंत आम्ही उभ्या. मध्येच एक गृहस्थ माझ्यापाशी थांबले, जर्सीवरचा नंबर वाचला आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या केटरर्सच्या?"

मी काही बोलणार, तोवर त्यांच्या मागून आमच्याच गल्लीतल्या चाची आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, गुलाबदाणीकडं बघितलं, आणि ओळख न दाखवता पुढं गेल्या.

त्याच सुमाराला मला एक स्थळ आलं होतं. बारामतीत हार्डवेअरचं दुकान, मुलगा शिकलेला. अम्मीनं त्यांना सांगितलेलं, मुलगी कंपनीत नोकरीला आहे. चाचींचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं असावं. मुलाच्या मामांनी सरळ कंपनीत फोन लावला आणि विचारलं, ही मुलगी तुमच्याकडं नक्की काय करते, ड्यूटी किती तासांची असते. फोन देवकाते साहेबांकडं गेला. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी अतिशय आदरानं सांगितलं, त्या आमच्याकडं कामाला नाहीत, त्या खेळाडू आहेत, आम्ही त्यांना मानधन देतो.

स्थळ मोडलं. मी घरी गेले तेव्हा अब्बा मशीनवर पँटची शिलाई मारत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "सकाळी तू उठली नाहीस, तर काय होतं?"

"काढून टाकतात," मी म्हटलं.

अब्बांचं पायडल थांबलं. "मग त्या लोकांना तसं सांगायचं ना, नोकरी हाय म्हणून."

अम्मी आतून म्हणाली, "आता कुणाला सांगता? ते दुसरी मुलगी बघून आले."

*

मी हे सुरेखाला सांगितलं. ती म्हणाली, आपण तक्रार करू. तिनं ती केली, आमच्या सगळ्यांच्या वतीनं. मागणी एवढीच, की आम्ही कामाला किती वेळ असतो ते आधी ठरवा, आणि त्या वेळेला सरकारनं ठरवलेला कमीत कमी पगार लावा.

सरकारी कामगार अधिकाऱ्यांसमोर सुनावणी लागली. सुरेखा आणि मी गेलो. गावडे सर आमच्याबरोबर आले, पण दाराबाहेर बसले. त्यांनाही कंपनीच मानधन देत होती.

अधिकारी साहेब शांत माणूस. त्यांनी सुरेखाला सांगितलं, घाबरू नका, उठल्यापासून झोपेपर्यंत दिवस कसा जातो तेवढं सांगा. सुरेखानं सांगितलं. पळणं, व्यायाम, मॅट, बर्फात पाय घालून बसणं, ताटात काय वाढायचं ते डाएटवाल्या मॅडम ठरवतात ते, संध्याकाळी फोन जमा करतात ते, दिवे कधी बंद करायचे तेही. ते लिहून घेताना साहेबांचं पेन दोनदा थांबलं. आम्हाला वाटलं, जमलं.

मग कंपनीचे वकील उठले. तेही सभ्यच. म्हणाले, ताई, मला एकच विचारायचंय.

"खेळताना तुम्हाला आनंद होतो का?"

सुरेखा भवानीनगरच्या मराठी शाळेच्या मैदानावर चौथीपासून खेळत आलेली. कारखान्याचा भोंगा झाला तरी घरी जायची नाही म्हणून मार खाल्लेली. ती वकिलांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. होतो."

वकील "एवढंच" म्हणाले आणि बसले.

बाहेर टपरीवर चहा घेतला. सुरेखाच्या हातातला ग्लास तसाच होता. "न्हाय म्हणायला पायजे हुतं का गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ते खोटं झालं असतं. गावडे सर रस्त्याकडं बघत होते.

त्यानंतर सरावात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सुरेखा कुणालाही बाद केलं की पूर्वी खदखदून हसायची, मॅटवर लोळायची. आता गडी बाद केला की ओठ घट्ट मिटून जागेवर जाऊन उभी राहायची. मी एकदा विचारलं, काय झालं. तर म्हणाली, "कोण बघत आसंल तर?"

*

निकाल लागेपर्यंत सगळ्या वेळाची नोंद ठेवा, असं अधिकारी साहेबांनी कंपनीला सांगितलं होतं. म्हणून कंपनीनं डिस्पॅचमधला एक क्लार्क ग्राउंडवर पाठवला. सागर त्याचं नाव. हातात स्टॉपवॉच. सरांची शिट्टी वाजली की चालू, पाणी प्यायला थांबलो की बंद, कुणी केस बांधायला लागली की बंद. खेळ थांबला की घड्याळ थांबलं पाहिजे, अशी त्याला सक्त ताकीद होती.

पहिले काही दिवस आम्ही त्याच्याकडं बघतही नव्हतो. पण पोरगा सरळ होता. त्यानं कबड्डी कधी जवळून बघितली नव्हती. हळूहळू त्याला त्यात गोडी लागली. पूजा चढाईला निघाली की उभा राहायचा, ती रेषेला हात लावून परतली की टाळ्या वाजवायचा, आणि त्या नादात पाण्याच्या सुट्टीतही घड्याळ चालूच राहायचं. आम्ही मुद्दाम पूजाला पाण्याच्या आधी रेडला पाठवायला लागलो.

एका संध्याकाळी पूजा अशीच आत शिरली. मी तिच्या विरुद्ध बाजूला होते. माझ्या हाताला तिचा पाय लागला नव्हता, हे मी त्या वेळी सगळ्यांना सांगितलं, आजही सांगते. ती वळायला गेली, आणि ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज आला. ती खाली बसली. ओरडली नाही. आम्ही सगळ्या जागच्या जागी थांबलो. पलीकडं बॉयलरची घरघर चालू होती तेवढीच.

त्या शांततेत टिक् असा आवाज झाला.

सागरला कुणी सांगितलं नव्हतं. खेळ थांबला, अंगठा दाबला गेला. त्याचं त्यालाच कळलं तेव्हा त्यानं ते घड्याळ पाठीमागं धरलं.

पूजानं दोन्ही हातांनी गुडघा धरला होता. तिनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

"बंद केलं का?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सागर आला नाही. त्यानं डिस्पॅचमध्ये परत बदली मागून घेतली होती.

*

आमच्या बाजूनं निकाल लागला. अधिकारी साहेबांनी आदेशात स्पष्ट लिहिलं होतं. सराव कंपनीच्या हुकमानं होतो, म्हणून ते काम. प्रवास काम. बाकावर बसणं काम, बाद होऊन बसणंही काम. लग्नातलं गुलाबपाणीसुद्धा काम. हॉस्टेलवरची झोप तेवढी काम नाही, आणि त्याबद्दल आमचीही तक्रार नव्हती.

सुरेखानं पेढे आणले. पहिला पेढा द्यायला आम्ही देवकाते साहेबांकडं गेलो. तिथं चहा आला. साहेबांनी पेढा घेतला, खाल्ला, मनापासून अभिनंदन केलं. मग रुमालानं बोटं पुसत म्हणाले की पुढच्या सीझनला कंपनी टीम उतरवणार नाही, कालच्या मीटिंगमध्ये ठरलं.

सुरेखानं कारण विचारलं.

साहेब जरा अवघडले. "मालक म्हणाले, यांना एवढं काम असतं, हे आपल्याला माहीतच नव्हतं."

पूजाचं काय, असंही आम्ही विचारलं. ते विमा कंपनीकडं होतं. त्यांचं म्हणणं पडलं की गुडघा आधीपासून दुखावलेला होता आणि तिनं ते लपवलं. लपवलं होतं हे तर खरंच होतं. वाद मिटेपर्यंत थांबायला गुडघा तयार नव्हता. पुण्याच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, पण तोवर उशीर झालेला. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, शेतात हळूहळू वावरेल. खेळायचं नाव काढायचं नाही.

पेढ्यांचा उरलेला बॉक्स सुरेखा भवानीनगरला घेऊन गेली. वडिलांनी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, जिंकलो.

*

शेवटचा किस्सा कुणी मागून घेत नाही, पण सांगितल्याशिवाय उठताही येत नाही.

हॉस्टेल रिकामं करायच्या आठवड्यात आम्ही पूजाला बघायला मोरगावला गेलो. सुरेखा, मी आणि गावडे सर. एसटीत सर खिडकीशी बसले. गणपतीच्या देवळापासून सुप्याच्या रस्त्यानं थोडं चालत गेलं की पूजाचं घर. दुपारची वेळ. दारात कडुनिंबाखाली शेरडं बांधलेली, आणि ओसरीत बाजेवर पूजा झोपलेली. दुखरा पाय पट्ट्यांत बांधून उशीवर ठेवलेला. अंगानं निम्मी झाली होती.

तिची आई चुलीपासून उठून आली. हळू आवाजात म्हणाली, आत्ताच डोळा लागलाय, बसा. शेळीच्या दुधाचा चहा ठेवला. आम्ही भिंतीला टेकून बसलो. सुरेखा तिच्या पायाच्या पट्ट्यांकडं बघत होती. सरांनी कपबशी हातात घेतली होती, पण प्यायले नव्हते.

तेवढ्यात पूजाचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. आधी मला वाटलं, पाणी मागतेय. पण ते हलणं आम्हा तिघांच्या ओळखीचं होतं. मग तिचा चांगला पाय हलला, टाच बाजेवर घासली. एक हात अंगाखालून सुटून पुढं झाला, बोटं ताठ झाली. कपाळावर घाम फुटला. श्वास आत घेतला होता, आणि तो ती सोडत नव्हती.

आई लगबगीनं उठली. म्हणाली, "सारखं आसंच करती बघा. मंग त्यो पाय हिसकती आन् कळ आली की रडत उठती. जागी करती तिला." ती वाकली आणि पूजाच्या खांद्याला हात लावणार, तोच गावडे सरांनी कपबशी खाली ठेवली आणि हात वर केला, ग्राउंडवर करायचे तसा.

"थांबा वहिनी," सर म्हणाले. "परत येऊ द्या तिला."